वाळवंटी वस्ती, झाड आणि सावली

19 मे 2016 रोजी राजस्थानातील फलोदी येथे 51 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. भारतात तोवर एवढा उच्चांक कधीच नोंदला गेला नव्हता. तो आकडा देशभर गाजला, पण असा आकडा मोजतात कसा याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हवामान केंद्रावरचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. त्याला वारा लागावा पण ऊन लागू नये, खालच्या तापलेल्या जमिनीची धग पोचू नये, यासाठीच ती पेटी असते. म्हणजे फलोदीचे 51 अंश हे सावलीतल्या हवेचे तापमान होते. त्याच वेळी डांबरी रस्त्यावरून पाण्याची घागर घेऊन चालणाऱ्या बाईच्या अंगावर काय येत होते, ते त्या आकड्यात नव्हते. तिच्या डोक्यावर सूर्य होता, पायाखाली हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेला रस्ता होता आणि बाजूची भिंत सकाळपासून शोषलेले ऊन परत फेकत होती. उष्ण वाळवंटातल्या गावात घराबाहेर वावरणे कशामुळे सुसह्य होते आणि त्यात झाडाझुडपांचा वाटा किती, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याकडे वळण्याआधी या दोन अवस्थांमधला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तो न समजल्यामुळेच होतात.

माणसाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करते. साध्या चालीने चालणारा प्रौढ माणूस सुमारे दोनशे वॅट उष्णता तयार करतो आणि ती त्याला सतत बाहेर टाकावी लागते. त्वचेचे तापमान उन्हाळ्यात 35 अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगावरची उष्णता घेऊन जातो. हवा 35 अंशांच्या वर गेली की तोच वारा उलट उष्णता आणून देतो. मग बाहेर पडण्याचा एकच मार्ग उरतो, तो घामाचा. एक लिटर घाम त्वचेवरून उडून जाताना सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातो, आणि वाळवंटातली हवा कोरडी असल्याने तो चटकन उडतो. त्यामुळे तिथे माणसाला घामेजल्यासारखे वाटत नाही, पण शरीरातले पाणी मात्र भराभर कमी होत असते. हा मार्ग शरीरातल्या पाण्यावर चालतो आणि त्याला मर्यादा आहे. मग त्या मर्यादेवर सर्वांत मोठा भार कशाचा पडतो, हे पाहावे लागते. उत्तर गरम हवा असे नाही. खरा भार किरणांचा असतो: थेट सूर्यप्रकाश, जमिनीवरून परावर्तित झालेला प्रकाश आणि तापलेल्या पृष्ठभागांतून निघणारे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण.

या सगळ्या किरणांचा एकत्रित परिणाम मोजण्यासाठी शास्त्रज्ञ सरासरी किरणोत्सारी तापमान ही संकल्पना वापरतात. माणसाभोवतीचे सर्व पृष्ठभाग एकाच तापमानाचे असते आणि त्यांनी त्याला आत्ता मिळते तेवढीच किरणोष्णता दिली असती, तर ते तापमान किती असते, असा तो हिशेब आहे. वाळवंटी शहरात भर दुपारी हवा 40 अंशांवर असताना उघड्या डांबरावर हे मूल्य 60 ते 70 अंशांच्या घरात जाते. तिथून चार पावलांवर दाट झाडाखाली गेले तर हवेचे तापमान जवळपास तेवढेच राहते, किरणोत्सारी तापमान मात्र वीस-पंचवीस अंशांनी उतरते. शरीराला जो बदल जाणवतो तो हाच. लष्करी प्रशिक्षणात उष्माघाताने जवान दगावू लागले तेव्हा 1950 च्या दशकात अमेरिकेत एक निर्देशांक तयार झाला. तो वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर या नावाने आजही कामगारांच्या सुरक्षेसाठी जगभर वापरतात. उन्हात वापरायच्या त्याच्या सूत्रात ओल्या फडक्याच्या तापमापकाला सात दशांश, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमापकाला दोन दशांश आणि साध्या हवेच्या तापमानाला केवळ एक दशांश वजन दिलेले आहे. माणसे वाचवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्यांनी सत्तर वर्षांपूर्वीच हवेच्या तापमानाला शेवटची जागा दिली होती. नगरनियोजनाची कागदपत्रे मात्र अजूनही त्याच एका आकड्यावर अडून बसतात.

ही चूक महागात पडते याचा चांगला पुरावा अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहराने दिला. सोनोरन वाळवंटातल्या या शहराने 2020 पासून काही रस्त्यांवर प्रकाश परावर्तित करणारा फिकट थर दिला आणि स्थानिक विद्यापीठाच्या संशोधकांकडून त्याचे परिणाम मोजून घेतले. दुपारी त्या रस्त्याचा पृष्ठभाग साध्या डांबरापेक्षा सुमारे सहा अंश सेल्सिअसने थंड निघाला. फक्त रस्त्याचे तापमान पाहिले तर हे मोठे यश वाटते. पण त्याच रस्त्यावर उभ्या माणसाला दुपारी मिळणारी उष्णता मोजली, तेव्हा ती साध्या डांबरावरच्यापेक्षा सुमारे तीन अंशांनी अधिक भरली. रस्त्याने जे ऊन शोषले नाही ते त्याने वर, माणसाच्या अंगावर फेकले होते. शहराने हे निष्कर्ष लपवले नाहीत, याचे कौतुक करायला हवे. रस्ता थंड करणे आणि रस्त्यावरच्या माणसाला थंडावा देणे ही दोन वेगळी कामे आहेत, ही गोष्ट यापेक्षा स्पष्टपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

तेव्हा या पुस्तकाचे प्रतिपादन असे: उष्ण वाळवंटी वस्तीत झाड माणसाला जे देते ते मुख्यतः सावली असते, थंड हवा नव्हे. म्हणून तिथल्या हिरवाईचे मोल हिरव्या क्षेत्रफळावर किंवा हवेच्या उतरलेल्या अंशांवर ठरवू नये. दुपारी चालणाऱ्या माणसाच्या वाटेवर सावली किती पडते आणि त्या सावलीसाठी पाणी किती लागते, यावरून ते ठरवावे. वाचायला हे साधे वाटेल, पण ते मान्य केले तर वाळवंटी शहरांत आज हिरवाई म्हणून जे केले जाते त्यातले बरेच काही, म्हणजे विस्तीर्ण हिरवळी, दुभाजकावरची फुलझाडे, रस्त्याकडेला सरळसोट उंच वाढलेली खजुराची झाडे, पुन्हा तपासून पाहावे लागते. एकट्या उंच खजुराचा शेंडा लहान असतो आणि त्याची सावली खोडापासून दूर, बहुधा रस्त्याच्या मधोमध पडते. ती गाड्यांच्या टपांच्या कामी येते, पायी चालणाऱ्याच्या नाही.

या प्रतिपादनाला सर्वांत भक्कम आधार इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या सदे बोकेर येथे झालेल्या एका प्रयोगाचा आहे. लिमोर शाशुआ-बार, डेव्हिड पर्लमटर आणि एव्हयातार एरेल यांनी शेजारशेजारच्या दोन सारख्या अंगणांत झाडे, हिरवळ आणि वर ताणलेली सावलीची जाळी यांच्या सहा वेगवेगळ्या रचना करून पाहिल्या. त्यांचे निष्कर्ष 2009 आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. उघड्या, फरसबंदी अंगणात दुपारच्या हवेचे तापमान सरासरी 34 अंशांपर्यंत चढत होते. झाडे आणि खाली हिरवळ असलेल्या अंगणात ते जास्तीत जास्त अडीच अंशांनी उतरले. जाळी ताणलेल्या अंगणात ते उलट जवळपास एक अंशाने वाढले. आणि ज्या हिरवळीवर कसलीही सावली नव्हती तिने हवा नावापुरतीच थंड केली, पाणी मात्र सर्वांत जास्त प्यायले. हीच हिरवळ सावलीखाली आणली तेव्हा एकूण पाण्याचा वापर निम्म्याहून अधिक घटला. दुसऱ्या निबंधात त्यांनी हवा बाजूला ठेवून माणसावर पडणारा उष्णतेचा ताण मोजला, आणि चित्र पालटले. उघड्या अंगणात दिवसाच्या जवळपास निम्म्या तासांत अवस्था त्रासदायक होती. झाडांनी किंवा जाळीने नुसती सावली केली तरी त्रासाचा काळ निम्म्याहून अधिक कमी झाला, आणि सावलीखाली हिरवळही असेल तर दिवसभर सुसह्य अवस्था राहिली. ज्या जाळीने हवा तापवली तीच जाळी माणसाला मात्र सोयीची ठरली. नुसत्या हवेच्या तापमानावर निर्णय घेतला असता तर ती काढून टाकावी लागली असती. सदे बोकेर उंचावर आहे आणि तिथला उन्हाळा राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या मानाने सौम्य आहे, म्हणून हे आकडे उचलून फलोदीला चिकटवता येणार नाहीत. पण कोणती उष्णता कोणत्या वाटेने येते हे स्थळ बदलल्याने बदलत नाही.

इथे एक आक्षेप लगेच येतो आणि तो रास्त आहे. सावलीच हवी असेल तर झाड कशाला? जाळी ताणा, पत्रे घाला, सौर पॅनेलचे मांडव उभारा. ते पाणी मागत नाहीत, वाढायला दहा वर्षे घेत नाहीत. फिनिक्सलगतच्या टेंपी शहरात आरियान मिडल आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारून आणि सोबत मोजमाप करून केलेल्या अभ्यासात, झाडाखालचा माणूस आणि सौर पॅनेलच्या मांडवाखालचा माणूस यांच्या सुखाच्या जाणिवेत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष मी लपवू इच्छित नाही. उलट तो माझ्या प्रतिपादनाला पूरकच आहे, कारण त्यातही जिंकली ती सावली. तरीही झाडाची बाजू भक्कम राहते, आणि त्याचे कारण पानाच्या घडणीत आहे. पत्रा किंवा कापड ऊन अडवते तेव्हा स्वतः तापते आणि ती धग खाली पाठवते. पानही तापते, पण ते मातीच्या माठासारखे पाझरून स्वतःला थंड ठेवते. पाण्याअभावी दुपारी पर्णरंध्रे मिटली आणि हा पाझर थांबला, तरी वाळवंटी झाडांची बारीक पाने वाऱ्याशी उष्णतेची देवाणघेवाण इतक्या सहज करतात की ती हवेपेक्षा फारशी तापत नाहीत. खेजडी, बाभूळ यांच्या इवल्याशा पर्णिका म्हणजे उष्णता झटकून टाकण्याची निसर्गाने केलेली सोय आहे. शिवाय घेर अनेक थरांचा असतो: वरच्या पानाची धग खालचे पान अडवते आणि मधून वारा खेळत राहतो.

एक ढोबळ हिशेब इथे मांडतो. पाच मीटर व्यासाच्या घेराखाली सुमारे वीस चौरस मीटर जमीन येते. वाळवंटात मध्यान्ही दर चौरस मीटरवर जवळपास एक किलोवॅट ऊन पडते. त्यातले तीन चतुर्थांश झाडाने अडवले तर पंधरा किलोवॅट उष्णता जमिनीपर्यंत पोचत नाही. एवढीच उष्णता केवळ पाणी उडवून हटवायची म्हटले तर तासाला वीस-बावीस लिटर पाणी लागेल. झाड तेवढे पाणी खर्च करत नाही. अडवलेल्या उन्हाचा मोठा भाग ते डोक्यावरच्या वाऱ्याच्या हवाली करते. म्हणूनच बाष्पीभवनाच्या थंडाव्यावर विसंबलेली हिरवाई पाणी तुटले की दुपारी कोसळते, आणि सावलीवर विसंबलेली हिरवाई तहानलेल्या अवस्थेतही आपले काम करत राहते.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, तर तिथली हवा संधी मिळाली तर त्याच्या दसपट पाणी शोषून घेऊ शकते. अशा ठिकाणी उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळ हिरवी ठेवायला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागू शकते. माणसांना पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी लागत असताना हे पाणी गवताला घालणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेच्या नेवाडा राज्याने 2021 मध्ये कायदाच केला: कोलोरॅडो नदीचे पाणी वापरून केवळ शोभेसाठी वाढवलेले गवत 2027 पासून लास वेगास परिसरात चालणार नाही. निर्णय योग्य आहे, पण त्याला एक धोक्याची कडा आहे. शहरातली अनेक झाडे त्याच गवताला घातलेल्या पाण्यावर जगत असतात. गवत काढताना झाडांसाठी वेगळे ठिबक न टाकल्यास पाणी वाचते आणि सावली मरते. पाण्याच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, प्रश्न पाणी वापरायचे की नाही एवढाच नाही. लिटरमागे माणसाच्या पदरात सावलीचे किती तास पडतात हा आहे. या मापाने उघडी हिरवळ जवळपास शून्यावर राहते आणि पायवाटेवर वाकलेला कडुनिंब किंवा पिलू खूप वर जातो. प्रक्रिया केलेले सांडपाणी हा दुसरा आधार. आखाती शहरांनी ते बागांना वापरण्याची व्यवस्था बऱ्याच काळापूर्वी उभी केली. माणसे राहतात तिथे सांडपाणी असतेच, आणि पिण्याच्या पाण्याशी त्याची स्पर्धा नसते.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. जुन्या वाळवंटी शहरांच्या गल्ल्यांत झाडे होती कुठे? 1156 मध्ये वसलेल्या जैसलमेरच्या किल्ल्यातल्या अरुंद गल्ल्या, मोरोक्कोतल्या फेझचा जुना भाग, अल्जेरियातली घर्दाया ही गावे भिंतींच्या सावलीवर जगली. एरिक योहान्सन यांनी फेझमध्ये केलेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या भागातली खोल अरुंद गल्ली आणि नव्या भागातला रुंद रस्ता यांच्या दिवसाच्या कमाल तापमानात उन्हाळ्यात सरासरी सहा अंशांचा, आणि अतिउष्ण दिवसांत दहा अंशांपर्यंत फरक आढळला. कोणत्याही झाडाने हवेत एवढा फरक पडल्याचे ऐकिवात नाही. मग झाडांचा आग्रह कशासाठी? याचे उत्तर असे की जिथे ती गल्ली आहे तिथे झाडाची गरज खरोखरच कमी आहे, आणि तिथे ते लावण्याचा हट्ट धरू नये. पण योहान्सन यांनीच दाखवले की त्या खोल गल्ल्या हिवाळ्यात फार गारठतात. दुसरे म्हणजे भिंतीची सावली तिरप्या उन्हात पडते. जैसलमेरला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून 86 अंशांहून वर, जवळजवळ डोक्यावर असतो. सहा मीटर उंच भिंतीची सावली तेव्हा अर्धा मीटरही पडत नाही. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याला भिंती काही देत नाहीत. त्याला डोक्यावर पसरलेले छत्रच लागते. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे: आज थरमध्ये असो वा आखातात, बहुसंख्य लोक त्या गल्ल्यांत राहत नाहीत. ते मोटारीच्या मापाने आखलेल्या रुंद रस्त्यांच्या कॉलन्यांत राहतात. ते रस्ते अरुंद होणे पुढच्या पन्नास वर्षांत तरी संभवत नाही. आपल्या हाती उरलेला उपाय त्यांच्या कडेला झाड लावणे हा आहे. पूर्वजांनी भिंतीकडून जे काम करून घेतले ते आता झाडाकडून करून घ्यायचे आहे.

दमटपणाचा मुद्दा लवकर आटोपता येईल. झाडे हवेत बाष्प सोडतात, त्यामुळे घाम उडणे अवघड होईल अशी भीती घातली जाते. थर, सोनोरन, नेगेव्ह यांसारख्या आतल्या वाळवंटांत मे-जूनची हवा इतकी कोरडी असते की काही झाडांच्या बाष्पाने तिच्यात फरक पडत नाही, आणि वारा ते बाष्प लगेच पसरवून टाकतो. दुबई-अबुधाबीच्या किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये मात्र समुद्राचा दमटपणा आधीच असह्य असतो. तिथे कारंजी आणि फवारे यांच्या भरवशावर राहू नये. सावली तिथेही तितकीच उपयोगी आहे. रात्रीचा मुद्दा याहून विचार करण्याजोगा आहे. वाळवंटातली जमीन रात्री निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकून झपाट्याने निवते. दाट घेर ही वाट अडवतो, वाराही अडवतो. म्हणून अंगणात किंवा गच्चीवर झोपण्याची रीत जिथे आहे तिथे झोपण्याच्या जागेवर दाट झाड नको, दिवसा चालण्या-बसण्याच्या जागेवर हवे. जुन्या गावांनी हे विभाजन केलेले दिसते. संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐन येथील मरूद्यानात खजुरांची दाटी, तिच्याखाली फळझाडे आणि त्याखाली चारा-भाजी अशी तीन थरांची शेती कालव्यांच्या पाण्यावर चालते. 2011 मध्ये अल ऐनच्या या वारशाला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. इथे खजूर थव्याने उभे असल्याने त्यांची छत्रे एकमेकांना भिडतात आणि खाली खरी सावली होते. रस्त्याच्या कडेला एकेकटा उभा केलेला खजूर आणि बागेतला खजूर यांत फरक पडतो तो इथे.

आता झाड कोणते, हा प्रश्न. मला इथे खेजडीवर थोडे थांबायचे आहे, कारण वाळवंटी माणसाने झाडाशी केलेला करार तिच्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. दसऱ्याला महाराष्ट्रात जिची पूजा होते ती शमी म्हणजेच खेजडी. 1983 पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, आणि गाफ या नावाने संयुक्त अरब अमिरातीचा राष्ट्रीय वृक्षही तीच आहे. तिचे सोटमूळ खूप खोल जाते, त्यामुळे एकदा रुजली की ती वरच्या पाण्यावर अवलंबून राहत नाही. उन्हाळ्यात इतर झाडे उघडी पडतात तेव्हा तिच्यावर कोवळी पालवी असते आणि सांगरीच्या शेंगा धरतात. हिवाळ्यात शेतकरी तिची फांद्यांसकट छाटणी करतात. पाला म्हणजे लूंग जनावरांना जातो आणि खालच्या पिकाला हिवाळ्याचे ऊन मिळते. उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन हे फेझच्या खोल गल्लीला जमले नाही, ते या झाडाने आणि छाटणीच्या रिवाजाने साधले. जोधपूरजवळच्या खेजडली गावी 1730 मध्ये राजाच्या बांधकामाला लागणाऱ्या चुनाभट्टीसाठी ही झाडे तोडायला माणसे आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागोमाग एकूण 363 बिष्णोई झाडांना कवटाळून मेले. ते दुपारच्या गारव्यासाठी मेले असे म्हणणे त्यांच्या श्रद्धेचा उपमर्द ठरेल. पण त्या श्रद्धेमागे चारा, अन्न, जमिनीचा कस आणि सावली हे सारे एकाच झाडात एकवटलेले होते, हे विसरणेही बरोबर नाही. आज बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडण्याविरुद्ध लोक रस्त्यावर येतात, तेव्हा तो केवळ भावनेचा प्रश्न उरत नाही. सौर वीज हवीच. परंतु ज्या ऊर्जेने पुढे वातानुकूलन चालवायचे तिच्यासाठी आज फुकट मिळणारी सावली तोडणे हा वाईट सौदा आहे.

खेजडी सावकाश वाढते, ही तिची उणीव मान्य करायला हवी. त्या अधीरतेतूनच एकोणिसाव्या शतकात विलायती बाभूळ भारतात आली. महाराष्ट्रात आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो. ती झटपट वाढली, सरपण दिले, वाळू थोपवली, आणि मग ओरणांत, गवताळ कुरणांत, ओढ्याकाठी घुसून देशी झाडांची जागा बळकावत गेली. गावाने देवाच्या नावाने राखलेले ओरण हे थरमधल्या गुराख्यांचे दुपारचे आश्रयस्थान आहे. तिथे काटेरी जाळी माजली की सावली असूनही तिच्याखाली बसता येत नाही. वाळवंटात घाईने आणलेले झाड पुढे शंभर वर्षे निस्तरावे लागते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने 1959 पासून केलेल्या कामातून देशी झाडांची रोपे, त्यांच्यासाठी पाणी साठवणारे खड्डे आणि वारारोधक पट्टे यांविषयी पुष्कळ ज्ञान जमा झाले आहे. ते बहुतांशी शेताच्या बांधापर्यंत पोचले; गावातल्या रस्त्यापर्यंत, शाळेच्या वाटेपर्यंत फार थोडे पोचले.

शेवटी, ही सावली कोणाच्या वाट्याला येते हेही पाहिले पाहिजे. फिनिक्समध्ये शॅरन हार्लन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्येच दाखवून दिले की श्रीमंत वस्त्या हिरव्या आणि थंड असतात, गरीब वस्त्या उघड्या आणि तापलेल्या. 2023 च्या उन्हाळ्यात त्या शहरात सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला आणि ज्या मॅरिकोपा परगण्यात ते शहर आहे तिथे वर्षभरात उष्णतेशी संबंधित 645 मृत्यू नोंदले गेले. मृतांत बेघरांचा वाटा फार मोठा होता. संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी असते. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात गेलेल्या अनेक कुटुंबांना हे ठाऊक आहे. नियम चांगला आहे, पण तीननंतर कामगार बसथांब्यावर उभा राहतो कुठे, याचे उत्तर नियमात नाही. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला सावलीची गरज दारापासून गाडीपर्यंतच असते. जो चालतो, ओझे वाहतो, रांगेत उभा राहतो, त्याचा सारा दिवस सावलीच्या आसपास आखलेला असतो.

म्हणून वाळवंटी गावांच्या नगरपालिकांत, पंचायतींत आणि नियोजनाच्या कचेऱ्यांत बसलेल्या वाचकांना एक विनंती. किती रोपे लावली याचा अहवाल मागू नका. तीन उन्हाळ्यांनंतर किती जगली, त्यांतली किती पायवाटेच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला आहेत, आणि दुपारी तीन वाजता शाळा, दवाखाना व बसथांब्याकडे जाणाऱ्या वाटेचा किती भाग त्यांच्या सावलीत असतो, एवढे मोजून घ्या. रोप जगवायला पहिली दोन-तीन वर्षे पाणी द्यावेच लागते. अंदाजपत्रकात तरतूद खड्ड्यासाठी नसली तरी चालेल, त्या पाण्यासाठी आणि पाणी घालणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी ती असली पाहिजे.